मनगटातले वय

एका-दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतील शाळांत मुलाचे नाव घालण्याची एक ठरलेली रीत होती. मुलाला समोर उभे करायचे, उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायला सांगायचे आणि बोटे डाव्या कानाला लागली, की मूल सहा वर्षांचे झाले असे समजायचे. जन्मतारीख घरात कोणालाच ठाऊक नसे. ‘दुष्काळाच्या साली झाला’, ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला’ एवढेच आई सांगे. मग गुरुजी जनरल रजिस्टरमध्ये १ जून ही तारीख लिहून मोकळे होत, कारण शाळा जूनमध्ये सुरू होई. कागदोपत्री १ जूनला जन्मलेली इतकी माणसे आपल्या ओळखीत निघतात, ती यामुळेच.

कानाला हात लावण्याची ही परीक्षा वाटते तितकी भाबडी नव्हती. लहान मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे आणि हात आखूड असतात. पुढे डोके फारसे वाढत नाही, हात मात्र लांबत जातात. सहाव्या वर्षाच्या आसपास बोटे पलीकडच्या कानापर्यंत पोचू लागतात. म्हणजे गुरुजी शरीराची वाढ मोजत होते आणि तिच्यावरून वय ठरवत होते.

आज हीच परीक्षा खेळाच्या मैदानावर पुष्कळ महागड्या साधनांनी घेतली जाते. सोळा वर्षांखालील क्रिकेट संघासाठी निवडल्या जाणाऱ्या मुलाच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात. सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत मनगटाचे एमआरआय चित्र घेतात. साधन बदलले, तरी गुरुजींची अडचण आहे तिथेच आहे. शरीर किती वाढले हा एक प्रश्न, आणि जन्माला येऊन किती दिवस झाले हा दुसरा. हाडांची चित्रे पहिल्या प्रश्नासाठी तयार झाली होती. त्यांना दुसरा प्रश्न कसा विचारला जाऊ लागला आणि त्यात कोणाचे काय पणाला लागते, याचा इतिहास शाळेचा संघ निवडणाऱ्या शिक्षकांना माहीत असायला हवा.

पहिले चित्र हाताचेच

जर्मनीतील व्युर्त्सबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. त्यानंतर काही आठवडे ते प्रयोगशाळेत एकटेच काम करीत राहिले. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नी अ‍ॅना बेर्टा यांचा हात प्रकाशचित्रणाच्या काचेवर ठेवायला सांगून त्यावर किरण सोडले. काच धुतल्यावर बोटांची हाडे आणि एका बोटातली अंगठी दिसली. पुढे २३ जानेवारी १८९६ रोजी भरसभेत व्याख्यान देताना त्यांनी वयोवृद्ध शरीररचनाशास्त्रज्ञ अल्बर्ट फॉन कलिकर यांच्या हाताचे चित्र काढले. या किरणांना राँटगेन यांचे नाव द्यावे, अशी सूचना त्याच सभेत कलिकर यांनी केली.

पहिली चित्रे हातांचीच असण्याचे कारण साधे आहे. हात चपटा असतो, त्यात मांस कमी असते आणि तो बराच वेळ स्थिर ठेवता येतो. त्या काळी एका चित्राला कित्येक मिनिटे लागत, म्हणून या गोष्टींना महत्त्व होते. पण याच सोयीमुळे आणखी एक गोष्ट लवकर लक्षात आली. लहान मुलाच्या हाताचे चित्र मोठ्या माणसाच्या हाताची लहान आवृत्ती नसते. त्यात हाडांची टोके सुटी, तरंगत असल्यासारखी दिसतात आणि मनगटाच्या जागी तर मोकळा अंधारच असतो.

याचा अर्थ समजण्यासाठी हाड कसे वाढते ते थोडक्यात पाहू. बाळाच्या मनगटातील आठ लहान हाडे जन्माच्या वेळी बहुधा कूर्चेचीच असतात. कूर्चा म्हणजे आपल्या कानाच्या पाळीला आकार देणारा लवचीक पदार्थ. तिच्यात कॅल्शियमचा साठा नसल्याने क्ष-किरण तिच्यातून आरपार जातात आणि चित्रात ती दिसत नाही. पहिल्या काही महिन्यांत या आठांपैकी दोन हाडांच्या मध्यभागी कॅल्शियम साचू लागते. बाकीची एकेक करून पुढच्या वर्षांत उगवतात. करंगळीच्या बाजूचे वाटाण्याएवढे हाड सर्वांत शेवटी, साधारण नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान दिसू लागते.

लांब हाडांची कथा वेगळी आहे. त्यांच्या दांड्याचे आधीच हाड झालेले असते, पण टोकाजवळ कूर्चेची एक पातळ चकती शिल्लक असते. हाडाची लांबी याच चकतीत वाढते, म्हणून तिला वाढीची चकती म्हणू. चित्रात ती काळ्या रेषेसारखी दिसते. वयात येण्याच्या अखेरीस ही चकती हळूहळू हाडात रूपांतरित होते, टोक दांड्याला जोडले जाते आणि रेषा पुसली जाते. त्यानंतर ते हाड लांबीने वाढत नाही.

ही काळी रेषा पुढच्या सगळ्या हकिकतीची नायिका आहे. लंडनमधील शल्यचिकित्सक जॉन पोलंड मुलांच्या हाडांची टोके अपघाताने दांड्यापासून निखळतात तेव्हा काय होते, याचा अभ्यास करीत होते. निखळलेले टोक आणि वाढीमुळे मुळातच सुटे दिसणारे टोक यांत फरक कसा करायचा? त्यासाठी निरोगी मुलांची चित्रे हाताशी हवीत. पोलंड यांनी १८९८ मध्ये मुलांच्या हाताच्या आणि मनगटाच्या क्ष-किरण चित्रांचा वयवार संग्रह प्रसिद्ध केला. म्हणजे हाडांच्या वाढीचा हा आरंभीचा चित्रसंग्रह जखमी मुलांवरच्या उपचारांसाठी तयार झाला होता. वय तपासणे हा त्याचा हेतू नव्हता.

न्यूयॉर्कचे विद्यार्थी आणि बोस्टनचे डॉक्टर

वाढ आणि वय या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ठासून सांगणारे पहिले लोक शाळांशी संबंधित होते, ही गोष्ट आपल्याला जवळची वाटावी. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांच्या शारीरिक शिक्षणात काम करणारे डॉक्टर वॉर्ड क्रॅम्प्टन यांनी माध्यमिक शाळेतील हजारो मुलांची तपासणी केली. त्यांना दिसले, की एकाच वर्गातल्या, एकाच वयाच्या मुलांत काही अजून पोरसवदा, काही वयात येत असलेली, तर काही जवळजवळ पुरुष झालेली असतात. उंची, वजन आणि ताकद यांचा संबंध वाढदिवसापेक्षा या अवस्थेशी जास्त आहे. १९०८ मध्ये त्यांनी ‘शरीरवय’ ही कल्पना मांडली आणि मुलांची खेळातली व कामातली वर्गवारी जन्मतारखेऐवजी या वयावरून करावी, असे सुचवले.

क्रॅम्प्टन यांनी बाह्य लक्षणे पाहिली होती. त्याच सुमारास केंटकीतील जे. डब्ल्यू. प्रायर यांनी हातांच्या चित्रांवरून दाखवले, की मुलींची हाडे मुलांच्या बरीच आधी पक्व होतात. बोस्टनचे बालरोगतज्ज्ञ थॉमस मॉर्गन रॉच यांनी तर मनगटाचे चित्र हीच मुलांच्या वर्गवारीची मोजपट्टी करावी, असा आग्रह धरला. त्यांचा या विषयावरील एक लेख १९१० मध्ये शारीरिक शिक्षणाच्या अमेरिकन नियतकालिकात आला होता. ज्या काळात गिरण्या आणि खाणींत लहान मुले राबत होती आणि वयाचे दाखले खोटे असत, त्या काळात मुलाचे मनगट तरी खोटे बोलणार नाही, असे त्यांना वाटले. अशक्त, अपक्व मुलाला जड कामापासून किंवा दमछाक करणाऱ्या शर्यतीपासून वाचवावे, हा त्यांचा हेतू होता.

इथे एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. रॉच मनगटाला ‘तू किती वर्षांचा?’ असे विचारत नव्हते. ‘तुला हे झेपेल का?’ असे विचारत होते. हाडांचे चित्र या दुसऱ्या प्रश्नाला बऱ्यापैकी उत्तर देते.

क्लीव्हलँडची चित्रे, हार्पेन्डेनचे गुण

पुढचे काम चिकाटीचे होते. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे शरीररचनाशास्त्रज्ञ विंगेट टॉड यांनी निरोगी मुलांची वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा चित्रे घेतली आणि १९३७ मध्ये हाताच्या हाडांच्या पक्वतेचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. टॉड यांच्या मृत्यूनंतर विल्यम ग्रॉयलिक आणि आयडेल पाइल यांनी त्याच साठ्यातून १९५० मध्ये नवा संग्रह तयार केला. त्याची सुधारित आवृत्ती १९५९ ची. मुलाचे चित्र हातात घ्यायचे, संग्रहाची पाने उलटायची आणि सर्वांत जुळणारे पान सापडले, की त्या पानावरचे वय हे त्या मुलाच्या हाडांचे वय समजायचे. पद्धत इतकी सोपी, की जगभरच्या रुग्णालयांत ती आजही वापरली जाते. चित्र डाव्या हाताचे घेतात, कारण बहुतेक माणसे उजव्या हाताने काम करतात आणि डाव्याला झीज व इजा कमी होते.

पण संग्रहातली मुले होती कोण? १९३० च्या दशकातली, क्लीव्हलँडच्या सुखवस्तू गोऱ्या कुटुंबांतली. त्यांच्या वाढीचा वेग हा सर्व जगातल्या, सर्व काळातल्या मुलांचा वेग कसा मानायचा? आपल्याकडे कलकत्त्यात गॅलस्टन यांनी भारतीय मुलामुलींच्या हाडांचा अभ्यास करून तो १९३७ मध्येच प्रसिद्ध केला होता, आणि भारतातल्या न्यायवैद्यकात त्याचा दाखला दीर्घकाळ दिला गेला.

इंग्लंडमध्ये जेम्स टॅनर आणि रेजिनाल्ड व्हाइटहाउस यांनी वेगळी वाट धरली. लंडनच्या उत्तरेस हार्पेन्डेन येथील बालगृहातल्या मुलांची वाढ ते १९४८ पासून नोंदवत होते. सबंध हाताचे एका नजरेत वय ठरवण्याऐवजी त्यांनी हात आणि मनगटातील वीस हाडे निवडली, प्रत्येकाच्या वाढीचे टप्पे ठरवले आणि प्रत्येक टप्प्याला गुण दिले. उत्तरपत्रिका तपासावी तसे हाडवार गुण द्यायचे, बेरीज करायची आणि कोष्टकात वय पाहायचे. १९६२ मध्ये ही पद्धत आली, १९७५ मध्ये तिची दुसरी आणि २००१ मध्ये तिसरी आवृत्ती निघाली. या तिसऱ्या आवृत्तीला टीडब्ल्यू-३ म्हणतात. तिच्यात हाताच्या तेरा हाडांचे पूर्ण १००० गुण मिळाले, म्हणजे मुलाच्या बाबतीत हाडांचे वय १६.५ वर्षे आणि मुलीच्या बाबतीत १५ वर्षे झाले असे धरतात. त्यापुढे ही पट्टी संपते, कारण मोजायला वाढ उरलेली नसते.

या सगळ्या मेहनतीचा उपयोग बालरोगतज्ज्ञांना फार मोठा झाला. आठ वर्षांच्या बुटक्या मुलाच्या हाडांचे वय पाच निघाले, तर अवटू ग्रंथी मंद आहे का, कुपोषण आहे का, असे प्रश्न विचारता येतात. तिथे जन्मतारीख माहीत असते. तिच्यात आणि हाडांच्या वयात पडलेले अंतर हीच डॉक्टरांच्या उपयोगाची गोष्ट असते.

रेष दुखावते तेव्हा

वाढीची चकती मुलाच्या हाडातली सर्वांत नाजूक जागा असते. मोठ्या माणसाचा अस्थिबंध जिथे लचकतो, तिथे मुलाची चकती सरकू शकते. टोरंटोचे रॉबर्ट सॉल्टर आणि रॉबर्ट हॅरिस यांनी १९६३ मध्ये अशा दुखापतींचे पाच प्रकार सांगितले. अस्थिरोगतज्ज्ञ अजूनही तीच विभागणी वापरतात.

अपघात न होताही ही जागा दुखावते. १९६० मध्ये ब्रॉगडन आणि क्रो या अमेरिकन डॉक्टरांनी बेसबॉलमध्ये सतत चेंडू फेकणाऱ्या शाळकरी मुलांच्या कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाची चित्रे प्रसिद्ध केली. तिथली रेषा रुंदावली होती, हाडाचा टवका सुटला होता. जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलींच्या मनगटातही असेच बदल पुढे आढळले. हातांवर अंगाचा भार पुन्हा पुन्हा पडल्याने अंगठ्याच्या बाजूच्या लांब हाडाची चकती दुखावते. वाढीचा वेग सर्वांत जास्त असतो त्या काळात हाडे लांब होतात पण तेवढ्या वेगाने भरत नाहीत, त्यामुळे हाताची हाडे मोडण्याचे प्रमाणही याच सुमारास वाढते.

अशा दुखापतीत सुरुवातीचा एक्स-रे पुष्कळदा निर्दोष दिसतो, कारण कूर्चा त्यात उमटतच नाही. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय अनुनादापासून चित्र मिळवण्याची कल्पना मांडली; तिच्यातून आलेल्या एमआरआयमध्ये कूर्चा आणि तिच्याभोवतीची सूज दिसते. पण एमआरआयपर्यंत पोचण्याआधी कोणीतरी मुलाचे ऐकलेले असावे लागते. ‘सर, चेंडू टाकताना कोपर दुखते’ हे वाक्य सगळ्यांत आधी क्रीडाशिक्षकाच्या कानावर येते. एक्स-रे साफ आहे म्हणून ते वाक्य खोटे ठरत नाही.

प्रश्न बदलला

खेळात पैसा आणि प्रतिष्ठा आली तसे वयाचे खोटे दाखलेही आले. सतरा वर्षांचा मुलगा चौदा वर्षांच्या गटात खेळतो, तेव्हा एका खऱ्या चौदा वर्षांच्या मुलाची जागा जाते. राहुल द्रविड यांनी २०१५ च्या पतौडी स्मृती व्याख्यानात वय लपवण्याची गणना सामनानिश्चितीसारख्या भ्रष्टाचारात केली, ती उगाच नाही. कागदावर विश्वास उरला नाही, म्हणून क्रीडासंस्था रॉच यांच्याप्रमाणे मनगटाकडे वळल्या. मात्र प्रश्न आता ‘झेपेल का?’ हा राहिला नव्हता. ‘जन्म कधीचा?’ असे विचारले जाऊ लागले.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने सोळा वर्षांखालील मुलांसाठी २०१२ पासून टीडब्ल्यू-३ पद्धत स्वीकारली. आता एक गणित करून पाहू. वर्गात संख्याशास्त्राचा तास घेण्यासाठीही ते चांगले आहे. निरोगी मुलांत हाडांचे वय खऱ्या वयाच्या पुढेमागे पसरलेले असते, आणि कुमारवयात या पसाऱ्याचे प्रमाण विचलन साधारण एक वर्षाचे असते. समजा, बरोबर साडेपंधरा वर्षांची शंभर मुले आपण घेतली आणि हाडांचे वय १६.५ किंवा जास्त निघाले तर बाद, असा नियम केला. ही सीमा सरासरीच्या एक प्रमाण विचलन पुढे आहे. घंटाकृती वक्र सांगतो, की शंभरातली सुमारे १६ मुले तिच्या पलीकडे पडतील. ती खरे बोलत आहेत. त्यांचा दोष एवढाच, की ती लवकर वयात आली.

आता साडेसतरा वर्षांची शंभर मुले घ्या. त्याच हिशेबाने सुमारे १६ मुलांची हाडे अजून सीमेच्या आत असतील, आणि वय चोरूनही ती चाचणीत उत्तीर्ण होतील. सीमा पुढे सरकवली, तर खरी मुले वाचतात पण लबाड जास्त सुटतात; मागे आणली, तर उलट होते. दोन्ही चुका एकदम कमी करणारी सीमा या वक्रात नाही.

फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिफाने, यातली एक बाजू जाणूनबुजून निवडली. निरोगी मुलांवर केवळ वयतपासणीसाठी क्ष-किरण सोडणे योग्य नाही, म्हणून तिने एमआरआय घेतले. (हाताच्या एका एक्स-रेची मात्रा तशी फार थोडी, एका दिवसात निसर्गातून आपल्याला मिळते त्यापेक्षाही कमी असते, पण ज्यात मुलाचा वैद्यकीय फायदा नाही तिथे तीही कशाला द्यावी, हा विचार त्यामागे आहे.) स्वित्झर्लंड, मलेशिया, अल्जीरिया आणि अर्जेंटिना या देशांतील १४ ते १९ वर्षांच्या फुटबॉलपटूंची मनगटे तपासून संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले, की अंगठ्याच्या बाजूच्या लांब हाडाची चकती सतरा वर्षांपूर्वी पूर्ण जुळलेली फारच क्वचित आढळते. म्हणून पूर्ण जुळलेली असेल तरच खेळाडू बाद करायचा, असा नियम २००९ च्या नायजेरियातील सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेपासून अमलात आला. यात निरपराध मुलगा बाद होण्याचा धोका कमी आहे. अठरा-एकोणीस वर्षांची, पण उशिरा पक्व झालेली काही मुले त्यातून सुटतात, हे मान्य करूनच तो केलेला आहे.

यंत्रे आता चित्र फार छान वाचतात. डेन्मार्कमध्ये तयार झालेली संगणकप्रणाली २००९ पासून हाडांचे वय आपोआप सांगते. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये चौदा हजारांहून अधिक चित्रे देऊन स्पर्धा घेतली, तेव्हा सर्वोत्तम प्रणालीची तज्ज्ञांच्या मताशी सरासरी तफावत चार महिन्यांच्या आसपास आली. यामुळे वाचनातली चूक कमी होते. मुलामुलांतला नैसर्गिक फरक मात्र तेवढाच राहतो, कारण तो चित्रात नसून मुलांत आहे.

गुरुजींच्या रजिस्टरचे मोल

आपल्या न्यायालयांनी ही मर्यादा पूर्वीच ओळखली आहे. क्ष-किरण तपासणीवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या एका निकालात नमूद केले. एक वर्षाच्या प्रमाण विचलनाची दुप्पट केली, तर शंभरातली सुमारे ९५ मुले तिच्या आत येतात. न्यायालयाचा आकडा त्याच्याशी जुळतो.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात तर क्रमच लावून दिला आहे. एखादी व्यक्ती त्या कायद्याखाली बालक आहे का, असा प्रश्न आला, तर आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र पाहायचे. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. यांपैकी काहीच नसेल, तरच हाडांची तपासणी करायची. क्रीडासंस्थांचे नियम वेगळे असतात. पण कायद्याने शाळेच्या नोंदीला केवढे वजन दिले आहे, हे शिक्षकांनी लक्षात ठेवावे. १ जूनची तारीख लिहिताना गुरुजींच्या मनात लबाडी नव्हती. तरीही पुढे निवृत्तीची तारीख त्या नोंदीवरूनच ठरली. १ ऑक्टोबर २०२३ पासून, म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती लागू झाल्यापासून, त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरला आहे. ही नोंद वेळेवर आणि खरी झाली, तर उद्याच्या खेळाडूच्या मनगटाला साक्षीला बोलावण्याची पाळी येणार नाही.

संघ निवडताना

आता आपल्या शाळेच्या मैदानावर येऊ. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. समजा, आपल्यापुढे तेरा वर्षांची वीस मुले उभी आहेत, सर्वांचे दाखले खरे आहेत. तरीही वर सांगितलेल्या पसाऱ्यानुसार त्यांच्यात एखाद्याची हाडे अकरा वर्षांच्या मुलासारखी, तर एखाद्याची पंधरा वर्षांच्या मुलासारखी असू शकतात. चाचणी शर्यत घेतली, तर पुढे कोण येईल हे सांगायला नको. आपण त्याला ‘गुणी खेळाडू’ म्हणतो, जादा सराव देतो, स्नेहसंमेलनात उत्कृष्ट विद्यार्थी-खेळाडूची ढाल देतो. मागे राहिलेला मुलगा दोन वर्षांनी तेवढाच उंच होणार असतो, पण तोपर्यंत त्याने खेळ सोडलेला असतो. लवकर वाढलेल्याचेही पुष्कळदा नुकसान होते. अंगबळावर जिंकण्याची सवय लागते, कौशल्य राहून जाते आणि बाकीचे उंचीने बरोबरीला आले, की तो गोंधळतो.

याला उपाय जुनेच आहेत. आपली कुस्ती आणि कुमारांची कबड्डी पूर्वीपासून वजनाचे गट पाळतात. इंग्लंडमधील फुटबॉल अकादमींनी २०१५ च्या सुमारास काही स्पर्धा वयाऐवजी पक्वतेनुसार गट पाडून घेतल्या. त्यासाठी एक्स-रे लागला नाही. मुलाची उंची व वजन आणि आईवडिलांची उंची यांवरून त्याची मोठेपणीची उंची अंदाजे काढतात आणि आज तो तिच्या किती टक्के आहे ते पाहतात. अशा सामन्यांत लवकर वाढलेल्या मुलांना प्रथमच डोके वापरून खेळावे लागले, तर उशिरा वाढणाऱ्यांना आपले कसब दाखवायला आणि संघाचे नेतृत्व करायला मिळाले, असे त्या मुलांनीच संशोधकांना सांगितले.

ढाल कोणाला द्यायची हे ठरवताना म्हणूनच शर्यतीच्या वेळेसोबत आणखी काही नोंदी हाताशी असाव्यात. मुलगा सरावाला किती नियमित येतो, हरल्यावर कसा वागतो, धाकट्यांना शिकवतो का, अभ्यास सांभाळतो का, गेल्या वर्षीच्या स्वतःपेक्षा किती सुधारला. यांतली एकही गोष्ट मनगटाच्या चित्रात उमटत नाही. ती पाहणारा माणूस रोज मैदानावर उभा असतो.

आणि वाढ मोजायचीच असेल, तर भिंत पुरते. फ्रान्समध्ये काउंट द माँबेयार यांनी आपल्या मुलाची उंची जन्मापासून, १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षे, साधारण दर सहा महिन्यांनी मोजून ठेवली. निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी ती आकडेवारी आपल्या ग्रंथात छापली आणि वाढीच्या अभ्यासात ती आजही दाखवतात. कारण सालागणिक उंचीत पडलेली भर काढली, की कुमारवयात एकाएकी उसळणारी वाढ तिच्यात स्पष्ट दिसते. ही उसळी मुलींत सरासरी बाराव्या आणि मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास येते. तिच्या ऐन भरात मुली वर्षाला साधारण ८ आणि मुले ९ ते १० सेंटिमीटर वाढतात.

जून आणि डिसेंबरमध्ये वर्गातल्या प्रत्येकाची उंची मोजून वहीत लिहा. मुलांनाच आलेख काढू द्या, पण आकडे फळ्यावर लावून कोणाला खजील करू नका. सहा महिन्यांत चार-पाच सेंटिमीटर वाढलेल्या मुलाचा सराव थोडा हलका करा आणि त्याच्या दुखण्याची चौकशी करा. ज्याची उसळी अजून आलेली नाही, त्याला राखीव खेळाडूंत तरी ठेवा, आणि पुढच्या वर्षी ती वही पुन्हा उघडून पाहा.